कलाव्यवहाराची आतली बाजू : ‘आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट’चा मुलाखतसंग्रह

प्रदर्शनाबरोबर छापलेली पुस्तिका वाचली की चित्रकाराच्या रंगसंगतीविषयी, त्याच्यावरील प्रभावांविषयी आणि त्याच्या विचारांविषयी बरेच काही कळते. परंतु त्या वर्षी त्याच्या स्टुडिओचे भाडे कोण भरत होते, पहिले चित्र कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून विकत घेतले, गॅलरीने दरमहा काही रक्कम देण्याचे कबूल केले होते की विक्री होईपर्यंत थांबायला सांगितले होते, हे त्या पुस्तिकेत सहसा येत नाही. समकालीन कला समजून घेऊ इच्छिणाऱ्याला हा व्यवहाराचा भागही माहीत असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तो भाग संबंधितांच्याच तोंडून, सविस्तर आणि विनामूल्य उपलब्ध करून देणारी सेवा म्हणून अमेरिकेतील ‘आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट’ या संस्थेच्या ऑनलाइन मुलाखतसंग्रहाची ओळख मराठी वाचकांना करून द्यावी, आणि तो कुठे भक्कम आहे, कुठे तोकडा पडतो हेही सांगावे, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे.

संस्थेची स्थापना १९५४ साली डेट्रॉइटमध्ये झाली. डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्सचे संचालक एडगर रिचर्डसन आणि लॉरेन्स फ्लाइशमन हे तरुण संग्राहक या दोघांची ती कल्पना होती. अमेरिकन कलावंतांची पत्रे, रोजनिश्या, हिशेबाच्या वह्या आणि छायाचित्रे देशभर घराघरांत विखुरलेली होती. ती मायक्रोफिल्मवर उतरवून अभ्यासकांसाठी एकत्र आणावीत, एवढाच मूळ उद्देश होता. मात्र कागदावर जे कधी उतरलेच नाही ते माणसांबरोबर नाहीसे होते, हे लक्षात आल्यावर १९५८ पासून मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम सुरू झाले. १९७० साली संस्था स्मिथसोनियन या अमेरिकेतील मोठ्या संग्रहालय-संशोधन संस्थेचा भाग झाली. आज तिच्याकडे दोन कोटींहून अधिक कागदपत्रे व इतर वस्तू आहेत, आणि मुलाखतींची संख्या अडीच हजारांवर गेली आहे. त्यांपैकी फार मोठ्या भागाची लेखी संहिता वेबसाइटवर थेट वाचता येते. त्यासाठी शुल्क नाही, नावनोंदणी नाही, कोणा विद्यापीठाचे ओळखपत्र लागत नाही.

या कामात वेळेवर पोचण्याला किती किंमत असते, हे एका उदाहरणावरून दिसते. महामंदीच्या काळात अमेरिकन सरकारने बेकार चित्रकारांना आणि शिल्पकारांना पगारावर कामे देणारी ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’ ही योजना १९३५ मध्ये सुरू केली, तिचे संचालक होल्गर केहिल. त्यांची मुलाखत १९६० च्या एप्रिलमध्ये घेतली गेली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानातून १९६३ ते १९६५ या काळात त्या योजनेत सामील असलेल्या सुमारे चारशे जणांना संस्थेने बोलते केले. पोलॉक, रॉथको, डी कूनिंग ही नावे आज लिलावांच्या बातम्यांत वाचायला मिळतात. ही मंडळी एकेकाळी त्या सरकारी योजनेच्या पगारावर जगत होती, आणि त्यांच्याबरोबर त्याच पगारावर राबलेले पण नावारूपाला न आलेले असंख्य कलावंत या संग्रहात बोलतात. कलेच्या इतिहासात यशस्वी माणसांचीच साक्ष उरते, या नेहमीच्या अडचणीवर मला माहीत असलेला हा सर्वांत प्रामाणिक उपाय आहे.

प्रत्येक मुलाखतीचे स्वतंत्र पान आहे. त्यावर मुलाखत कोणी, कोठे, कोणत्या तारखांना घेतली, ध्वनिमुद्रण किती तासांचे आहे, संहिता किती पानांची आहे आणि वापरावर काही बंधन आहे का, याची नोंद असते. त्याखाली संहिता सुरू होते. छापील मुलाखतींत प्रश्न घासूनपुसून लहान केलेले असतात आणि उत्तरे सलग परिच्छेदांत बसवलेली असतात. इथे अर्धवट सुटलेली वाक्ये, नाव आठवत नाही म्हणून घेतलेला वळसा, टेपची बाजू संपल्याची नोंद, हे सारे बहुतांशी तसेच राहते. आपण लिहिलेले नव्हे, बोललेले गद्य वाचत आहोत याचे भान ठेवावे, अशी सूचना अनेक संहितांच्या प्रास्ताविकातच दिलेली आहे. सुरुवातीची काही पाने त्यामुळे जड जातात. मात्र एकदा त्या बोलण्याची लय कानात बसली की माणूस कोणत्या प्रश्नाला चटकन उत्तर देतो आणि कोणत्या प्रश्नापाशी विषय बदलतो हे दिसू लागते, आणि माझ्या दृष्टीने या संग्रहाचे खरे मोल तिथेच आहे.

कलावंताच्या मुलाखतीपासून सुरुवात करायची असेल, तर रॉबर्ट राउशेनबर्ग यांची डोरोथी सेकलर यांनी २१ डिसेंबर १९६५ रोजी घेतलेली मुलाखत निवडावी. राउशेनबर्ग त्या वेळी चाळिशीत पोचले होते आणि आदल्याच वर्षी त्यांना व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाचा चित्रकलेचा मोठा पुरस्कार मिळाला होता. आधीच्या पिढीतील अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकारांविषयी त्यांना आदर होता. परंतु त्या चित्रांभोवती यातना, झगडा, वेदना अशा शब्दांची जी भाषा तयार झाली होती, ती आपल्याला कधीच वापरता आली नाही, असे ते सांगतात. त्या संदर्भात ते कवितेतील ‘उदास कॉफीच्या कपा’चा दाखला देतात आणि म्हणतात की आपण गरम कॉफी प्यायलो आहोत, थंड प्यायलो आहोत, चांगली आणि वाईटही प्यायलो आहोत, पण उदास कॉफी आपल्याला कधी मिळालेली नाही. रंगाला रंग आणि वस्तूला वस्तू म्हणून पाहण्याची, तिच्यावर माणसाच्या भावना न लादण्याची त्यांची सारी भूमिका त्या एका उत्तरात सामावली आहे. टायर, रजई, वर्तमानपत्राचे तुकडे चित्रात का आले, याचे जाडजूड समीक्षाग्रंथांत शोधावे लागणारे स्पष्टीकरण इथे सहज बोलण्यातून मिळते, आणि ते सेकलर यांच्या संयमी प्रश्नांमुळे मिळते, हेही नोंदवायला हवे.

तरीही या संग्रहात मी पुन्हा पुन्हा जाते ती कलावंतांपेक्षा गॅलरीचालक, क्युरेटर (संग्रहालयासाठी कलाकृती निवडून प्रदर्शने मांडणारे) आणि संग्राहक यांच्या मुलाखतींसाठी. कलावंताला आपल्या कामाविषयी बोलण्याचे प्रसंग आयुष्यभर येत असतात. त्याची उत्तरे हळूहळू पक्की होत जातात. गॅलरीचालकाला मात्र त्याच्या बालपणाविषयी, पहिल्या नोकरीविषयी आणि पहिल्या तोट्याविषयी क्वचितच कोणी विचारते. पॉल कमिंग्ज यांनी घेतलेल्या मुलाखती या बाबतीत आदर्श वाटतात. जन्म कुठे झाला, घरात कोणती भाषा बोलत, शाळेत काय शिकलात, भिंतींवर चित्रे होती का, अशा अगदी प्राथमिक प्रश्नांनी ते सुरुवात करतात, आणि समोरच्याला घाई न करता तीस-चाळीस वर्षे ओलांडून वर्तमानापर्यंत आणतात.

लिओ कॅस्टेली यांची मुलाखत हा त्या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. ती मे १९६९ ते जून १९७३ या काळात टप्प्याटप्प्याने झाली. कॅस्टेली यांचा जन्म १९०७ मध्ये त्रिएस्तेचा. तेव्हा ते शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. विमा कंपनीतील नोकरी, बुखारेस्टमध्ये इलियाना शापिरा यांच्याशी विवाह, पॅरिसमध्ये प्लास व्हाँदोमवर १९३९ मध्ये भागीदारीत उघडलेली गॅलरी, महायुद्धामुळे न्यूयॉर्कला स्थलांतर, असा प्रवास करत हे गृहस्थ १९५७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या पन्नाशीला, पूर्व ७७ व्या रस्त्यावरील राहत्या घराच्या दिवाणखान्यात स्वतःची गॅलरी सुरू करतात. अमेरिकेतील युद्धोत्तर कलेचा सर्वांत प्रभावी विक्रेता पन्नाशीपर्यंत जवळजवळ हौशीच होता, आणि घर सासऱ्यांच्या आधाराने मिळालेले होते, हे कळल्यावर ‘द्रष्टा गॅलरीचालक’ या शब्दप्रयोगामागे किती योगायोग, किती कौटुंबिक पाठबळ आणि किती दीर्घ प्रतीक्षा असते याची जाणीव होते.

चित्रकार जॅस्पर जॉन्स यांचे जानेवारी १९५८ मधील पहिले एकल प्रदर्शन हा या साऱ्या काळाचा कळीचा प्रसंग. कॅस्टेली राउशेनबर्ग यांच्या स्टुडिओत गेले असताना त्याच इमारतीत राहणाऱ्या जॉन्स यांची झेंड्यांची आणि लक्ष्यवर्तुळांची चित्रे त्यांनी पाहिली आणि तिथल्या तिथे प्रदर्शन देऊ केले. प्रदर्शन भरले त्याच महिन्यात ‘आर्टन्यूज’ मासिकाच्या मुखपृष्ठावर जॉन्स यांचे चित्र होते, आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे आल्फ्रेड बार यांनी संग्रहालयासाठी तीन चित्रे निवडली. झेंड्याचे चित्र संग्रहालयाने तेव्हा थेट घेतले नाही; वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांनी ते विकत घेतले आणि पुढे संग्रहालयाला दिले. सत्तावीस वर्षांच्या अनोळखी चित्रकाराच्या वाट्याला हे काही आठवड्यांत आले. एवढे तर कोणत्याही इतिहासात सापडते. पण मासिकाचे मुखपृष्ठ, संग्रहालयाचा अधिकारी, श्रीमंत मित्र आणि नवी गॅलरी या चार गोष्टी एकमेकींना कशा ओढत नेतात, त्यांत पहिली हालचाल कोणाची असते, हे उमगण्यासाठी त्यांतल्या प्रत्येकाचे बोलणे वेगवेगळे ऐकावे लागते, आणि तशी सोय हा संग्रह करतो.

म्हणून कॅस्टेली यांच्यानंतर डोरोथी मिलर यांची मुलाखत वाचावी. ती कमिंग्ज यांनीच मे १९७० ते सप्टेंबर १९७१ या काळात घेतली. मिलर या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या क्युरेटर आणि होल्गर केहिल यांच्या पत्नी. १९५८ च्या त्या निवडीच्या वेळी बार यांनी त्यांना गॅलरीत बोलावून घेतले होते, आणि १९५९ च्या ‘सिक्स्टीन अमेरिकन्स’ या प्रदर्शनात जॉन्स, राउशेनबर्ग, एल्सवर्थ केली, लुईस नेव्हेल्सन यांच्याबरोबर अवघ्या तेवीस वर्षांच्या फ्रँक स्टेला यांना स्थान देण्याचा निर्णय त्यांचा. त्यानंतर आयव्हन कार्प यांच्याकडे वळावे. १९५९ पासून दहा वर्षे ते कॅस्टेली यांच्या गॅलरीत काम करत होते आणि चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन यांची चित्रे त्यांनीच प्रथम कॅस्टेली यांच्यासमोर ठेवली. मालक, त्याचा सहकारी आणि संग्रहालयातील क्युरेटर या तिघांच्या आठवणी काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी श्रेय निसटून दुसऱ्याकडे जाते. संग्रहाची मांडणी वाचकाला कोणाची बाजू खरी हे सांगत नाही, आणि तसे न सांगण्यात मला संस्थेची प्रतिष्ठा दिसते.

गॅलरीचालक बेटी पार्सन्स यांची १९६९ ची मुलाखत त्याआधीच्या पिढीची. १९४६ मध्ये ५७ व्या रस्त्यावर त्यांनी गॅलरी उघडली. पोलॉक, रॉथको, क्लिफर्ड स्टिल आणि बार्नेट न्यूमन हे चित्रकार एकाच वेळी त्यांच्याकडे होते. ही चौघे पुढे त्यांना सोडून गेली, आणि पोलॉक व रॉथको अधिक विक्री करू शकणाऱ्या गॅलरीकडे वळले. पार्सन्स स्वतः चित्रकार होत्या. जिच्या भिंतींवर एक संपूर्ण चळवळ उभी राहिली तिच्या हाती पैसा लागला नाही, ही वस्तुस्थिती कॅस्टेली यांच्या यशाशेजारी ठेवून पाहिल्याखेरीज न्यूयॉर्कच्या कलाबाजाराचे चित्र पूर्ण होत नाही.

पैशांच्या बाबतीत सर्वांत बोलका जोड मात्र रिचर्ड बेलामी आणि रॉबर्ट स्कल यांचा. बेलामी यांची ‘ग्रीन गॅलरी’ १९६० ते १९६५ अशी जेमतेम पाच वर्षे चालली. ओल्डेनबर्ग, रोझेनक्विस्ट, डोनाल्ड जड, मॉरिस या कलावंतांची सुरुवातीची महत्त्वाची प्रदर्शने तिथे झाली, आणि तिला पडद्याआडून पैसा पुरवत होते टॅक्सीव्यवसायातून श्रीमंत झालेले संग्राहक स्कल. म्हणजे चित्रे निवडणाऱ्या गॅलरीचा पोशिंदा आणि तिथली चित्रे घेणारा ग्राहक एकच होता. बेलामी यांची मुलाखत १९६३ मधली, गॅलरी चालू असतानाची, तर स्कल यांची १९७२ मधली. ही दुसरी तारीख लक्षात ठेवून वाचावी, कारण पुढच्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९७३ रोजी, स्कल दाम्पत्याने आपल्या संग्रहातील पन्नास कलाकृती न्यूयॉर्कमध्ये लिलावात काढल्या आणि त्यांना बावीस लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. राउशेनबर्ग यांचे ९०० डॉलरना घेतलेले चित्र ८५,००० डॉलरना गेले, आणि त्यातला एक पैसाही ज्याने ते रंगवले त्याला मिळणार नव्हता. लिलावानंतर राउशेनबर्ग यांनी स्कल यांना सर्वांसमोर खडसावले. संग्राहक म्हणून आपण तरुण कलावंतांसाठी काय केले, हे स्कल यांच्या तोंडून वर्षभर आधी ध्वनिमुद्रित झालेले आहे. वाचकाला पुढचे माहीत असल्यामुळे त्या बोलण्याला आपोआप वेगळे वजन येते.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५३अ नुसार मूळ चित्र किंवा शिल्प दहा हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा जास्तीत जास्त दहा टक्के ठरवता येतो. मुंबईत किंवा पुण्यात शिकून नुकतीच चित्रे विकू लागलेली मुले-मुली या कलमाविषयी अनभिज्ञ असलेली मी पाहिली आहेत. कायदा समजण्यासाठी वकिलाकडे जावे लागेल. पण तो कायदा कशासाठी हवा, हे समजण्यासाठी बेलामी आणि स्कल यांच्या मुलाखती लागोपाठ वाचणे पुरेसे आहे.

बाजाराच्या मध्यभागी ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांच्या मुलाखतींनी या संग्रहाला नैतिक खोली दिली आहे. चित्रकार ली क्रास्नर यांच्याशी सेकलर १९६४ ते १९६८ या काळात अधूनमधून बोलत राहिल्या. पोलॉक यांच्या मृत्यूला तेव्हा आठ ते बारा वर्षेच झाली होती आणि क्रास्नर यांची ओळख अजूनही त्यांची पत्नी अशीच करून दिली जाई. सरकारी योजनेच्या भित्तिचित्र विभागातील काम आणि चित्रकार-शिक्षक हान्स हॉफमान यांच्याकडील शिक्षण यांच्यामुळे त्या पोलॉक यांच्याआधीच न्यूयॉर्कच्या आधुनिक कलावर्तुळात स्थिरावलेल्या होत्या, ही बाब त्यांच्या मुलाखतीच्या क्रमातूनच ठसते. रोमेअर बेअर्डन यांची १९६८ ची मुलाखत हेन्री गेन्ट यांनी घेतली; दोघेही कृष्णवर्णीय, त्यामुळे वंशाविषयीचा प्रश्न बाहेरच्या माणसाच्या कुतूहलातून येत नाही. बेअर्डन अनेक वर्षे न्यूयॉर्क शहराच्या समाजकल्याण खात्यात नोकरी करून उरलेल्या वेळात चित्रे काढत होते. त्याच वर्षी जेकब लॉरेन्स यांचीही मुलाखत झाली. दक्षिणेतून उत्तरेकडे झालेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावरील त्यांची साठ चित्रांची मालिका १९४१ मध्ये एडिथ हॅल्पर्ट यांच्या डाउनटाउन गॅलरीत लागली आणि आज ती दोन संग्रहालयांत निम्मी-निम्मी विभागलेली आहे. हॅल्पर्ट यांचीही अतिशय दीर्घ मुलाखत संग्रहात असल्यामुळे विक्रेत्याची बाजूही तिथेच मिळते.

पश्चिम किनाऱ्यावरील रूथ असावा आणि त्यांचे वास्तुरचनाकार पती अल्बर्ट लॅनियर यांची २००२ मधील एकत्रित मुलाखत मला विशेष प्रिय आहे. जपानी वंशाच्या म्हणून महायुद्धात कुटुंबासह छावणीत डांबल्या गेलेल्या असावा पुढे ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकल्या, १९४७ मध्ये मेक्सिकोत टोपल्या विणण्याची पद्धत पाहून तारेची शिल्पे विणू लागल्या, आणि सॅन फ्रान्सिस्कोत सहा मुले वाढवत त्यांनी ते काम चालू ठेवले. इथे नवरा-बायको एकमेकांची वाक्ये पुरी करतात, दुरुस्त करतात, आणि कलावंताचे काम घरातल्या वेळापत्रकात कसे बसवले जाते हे कोणत्याही सिद्धांताशिवाय समजते.

मराठी वाचकासाठी या संग्रहात एक आडवाट आहे, आणि ती मी आग्रहाने सुचवेन. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये जॉन डी. रॉकफेलर तृतीय फंडाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. त्याच फंडाने पुढे अकबर पदमसी आणि तय्यब मेहता यांनाही पाठवले. न्यूयॉर्कमध्ये बार्नेट न्यूमन यांची चित्रे पाहिल्यानंतर तय्यब यांच्या कॅनव्हासवर १९६९ च्या सुमारास तिरकी रेषा आली, हे आपल्याकडे अनेकदा लिहिले गेले आहे. पण ही शिष्यवृत्ती देणारी यंत्रणा कशी विचार करत होती? त्या फंडाचे काम पाहणारे पोर्टर मक्रे यांची मुलाखत कमिंग्ज यांनी १९७७ मध्ये घेतलेली आहे. मक्रे त्याआधी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांचे प्रमुख होते, आणि १९५८-५९ मध्ये युरोपभर फिरलेले नव्या अमेरिकन चित्रकलेचे गाजलेले प्रदर्शन त्यांच्याच कारकिर्दीतले. अमेरिकन कला जगभर पाठवणारा आणि आशियातील कलावंतांना अमेरिकेत आणणारा माणूस एकच होता, हे समजल्यावर गायतोंडे यांच्या त्या प्रवासाकडे पाहण्याची नजर विस्तारते. याला जोडूनच विलर्ड गॅलरीच्या मरियन विलर्ड यांची १९६९ ची मुलाखत पाहावी. त्यांच्या गॅलरीचे चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज यांनी १९६३ मध्ये मुंबईत गायतोंडे यांचे काम पाहून न्यूयॉर्कला त्या गॅलरीकडे भारावून पत्र लिहिले होते. या मुलाखतींत भारतीय चित्रकारांविषयी पानेच्या पाने सापडतील अशा अपेक्षेने जाऊ नये. गायतोंडे ज्या खोल्यांमध्ये शिरले त्या खोल्यांतील माणसे कशी होती, एवढे त्यांतून नक्की समजते.

गायतोंडे यांच्याविषयी त्यांच्या मित्रांना, सहकाऱ्यांना बोलते करण्याचे काम मराठीत ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकाने मनापासून केले, आणि त्या अंकांचे ऋण मोठे आहे. मात्र ते एका संपादकाच्या ध्यासावर उभे राहिलेले काम होते. गॅलरीचालक, चौकटी बनवणारे, लिलावगृहांतील तज्ज्ञ, जेजेतील शिक्षक, अशा सर्वांची तारीखवार आणि सर्वांना खुली मौखिक नोंद मुंबईची संस्थात्मक पातळीवर व्हायला हवी, असे हा संग्रह वाचताना प्रत्येक वेळी तीव्रतेने वाटते.

अलीकडच्या प्रकल्पांपैकी दोन उल्लेखनीय आहेत. एड्सच्या साथीने न्यूयॉर्क आणि इतर शहरांतील कलाविश्वाचे काय केले, यावरील चाळीस मुलाखती कीथ हेरिंग फाउंडेशनच्या साहाय्याने झाल्या. त्या दीर्घ, अवघड आणि अत्यंत मोलाच्या आहेत. गेलेल्या मित्रांची नावे त्यांत पुन्हा पुन्हा येतात, आणि ती एकाहून अधिक मुलाखतींत सापडली की त्या पिढीचे नुकसान किती होते हे ध्यानात येते. दुसरा प्रकल्प २०२० च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या काळात दूरस्थ पद्धतीने केलेल्या पंच्याऐंशी छोट्या दृश्य मुलाखतींचा. त्याची तातडी मला मान्य आहे. मात्र थोड्या मिनिटांत माणूस आपली भूमिकाच मांडू शकतो, आठवणीच्या तळापर्यंत जाऊ शकत नाही, त्यामुळे या मुलाखती संग्रहाच्या मूळ सामर्थ्यापासून दूर गेलेल्या वाटतात.

उणिवा आहेत, आणि त्या नीट लक्षात घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे बोलणाऱ्याची स्मृती. वीस-तीस वर्षांपूर्वीची तारीख किंवा किंमत सांगताना माणसे चुकतात, आणि संहिता ती चूक तशीच ठेवते. त्यामुळे इथली तारीख किंवा किंमत दुसरीकडे पडताळल्याशिवाय लेखात वापरू नये. दुसरी म्हणजे मुलाखतकाराचे स्थान. बेलामी यांची मुलाखत घेणारे रिचर्ड ब्राउन बेकर हे स्वतः मोठे संग्राहक होते आणि नव्या कलावंतांची चित्रे ते विकत घेत होते. ग्राहकाने विक्रेत्याला विचारलेले प्रश्न आणि इतिहासकाराने विचारलेले प्रश्न यांत फरक असणारच. या नात्यामुळे काही गोष्टी मोकळेपणाने बोलल्या गेल्या असतील, काही टाळल्या गेल्या असतील, आणि वाचकाने दोन्ही शक्यता मनात ठेवाव्यात. तिसरी उणीव संहितांच्या असमान दर्जाची. जुन्या टेपवरून उतरवलेल्या काही प्रतींत विशेषनामांची स्पेलिंगे अंदाजाने लिहिलेली आहेत, काही प्रती बोलणाऱ्याने नंतर सुधारलेल्या आहेत, आणि अशा प्रतींत वाक्ये एकदम गुळगुळीत होतात. ध्वनिमुद्रण प्रत्येक मुलाखतीचे ऐकायला मिळत नाही. जिथे मिळते तिथे ते अवश्य ऐकावे, कारण कागदावर होकार वाटणारे उत्तर आवाजात पुष्कळदा नाराजीचे निघते.

शोधाची सोय नावाने शोधणाऱ्याला उपयोगी आहे. विषयाने शोधणाऱ्याची मात्र दमछाक होते. गॅलरीने कलावंताला दिलेला मासिक भत्ता हा विषय घेऊन सर्व मुलाखती चाळायच्या असतील, तर एकेक संहिता उघडूनच पाहावी लागते. शिवाय साठ-सत्तरच्या दशकांचा भाग न्यूयॉर्ककडे झुकलेला आहे. कॅलिफोर्नियाची बाजू पॉल कार्लस्ट्रॉम यांच्यासारख्या मुलाखतकारांच्या प्रयत्नांमुळे पुष्कळ भरून निघाली असली, तरी मधल्या राज्यांतील कलावंत त्या मानाने कमी भेटतात.

हल्ली मोठ्या गॅलऱ्या स्वतःच कलावंतांशी संभाषणाचे पॉडकास्ट काढतात आणि त्यांतले काही श्रवणीयही असतात. परंतु ज्या संस्थेला त्या कलावंताची चित्रे विकायची आहेत तिने घेतलेल्या मुलाखतीत किमतीविषयी, करारांविषयी आणि दुरावलेल्या मैत्रींविषयी प्रश्न येतील अशी आशा धरता येत नाही. आर्काइव्ह्जला काही विकायचे नाही. तिथल्या कितीतरी मुलाखती घेतल्या गेल्या तेव्हा त्या कधी जगभर घरबसल्या वाचल्या जातील, याची बोलणाऱ्याला कल्पनाही नव्हती. त्या मोकळेपणाची जागा आजचे कोणतेही नवे माध्यम घेऊ शकलेले नाही.

वापरण्याविषयी थोडे सांगते. मोबाइलच्या पडद्यावर या संहिता वाचणे कष्टाचे होते. संगणकावर किंवा छापून वाचाव्यात. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने आधी राउशेनबर्ग, मग कॅस्टेली आणि मिलर असा क्रम ठेवावा. ज्याला बाजार समजून घ्यायचा आहे त्याने बेलामी आणि स्कल यांच्यापासून आरंभ करावा. शिल्पकला किंवा हस्तव्यवसाय शिकणाऱ्याने असावा यांच्याकडे जावे. संहिता बऱ्याचदा शंभर पानांच्या पुढे जाते, म्हणून एका बैठकीत संपवण्याचा अट्टहास करू नये. वाचताना येणाऱ्या गॅलऱ्यांची आणि माणसांची नावे वहीत लिहून ठेवावीत, कारण तीच माणसे दुसऱ्या मुलाखतीत वेगळ्या भूमिकेत भेटतात. इंग्रजी साधे, बोलीचे आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यालाही दहा-पंधरा पानांनंतर अडचण येऊ नये. उतारा भाषांतरित करून छापायचा असल्यास मुलाखतीच्या पानावरील वापराच्या अटी आधी पाहाव्यात. काही मुलाखतींसाठी लेखी परवानगी आवश्यक आहे आणि थोड्या मुलाखती अद्याप बंद ठेवलेल्या आहेत.